भिंतीपलीकडची सही

कॉलेजात गैरहजर राहिलं की त्याच दिवशी दुपारी पालकांच्या मोबाईलवर मेसेज जायचा. मेसेज इंग्रजीत असे. विद्यार्थ्याचं नाव, तारीख आणि किती तास बुडाले, एवढाच मजकूर. साताऱ्याच्या त्या फार्मसी कॉलेजात प्रवेश घेताना ही सोय आम्हाला कौतुकानं सांगितली गेली होती. माझे मेसेज मात्र माझ्या वडिलांना जात नव्हते. ते थोरल्या चुलत्यांना जात होते, आणि त्या दिवसांत वडील आणि चुलते एकमेकांशी बोलत नव्हते.

पलूस तालुक्यातल्या आमच्या गावात घरातला थोरला पुरुष हाच सगळ्या कागदांवरचा पालक असतो. कारखान्याचा सभासद तो, म्हणून सगळ्या घराचा ऊस त्याच्या नावानं जातो आणि बिलही त्याच्याच खात्यावर येतं. लाईटबिल, पाणीपट्टी, लग्नपत्रिकेतलं पहिलं नाव, सगळं त्याचं. मला पहिलीत घालायला चुलतेच घेऊन गेले होते. ते त्याच वर्षी सैन्यातून घरी आले होते आणि घरात फॉर्म भरायची सवय त्यांनाच होती. पालकाच्या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. वडिलांना त्यात वावगं वाटलं नाही, कुणालाच वाटलं नाही. पुढे शाळेचा दाखला, शिष्यवृत्तीचं खातं, दहावी-बारावीचे अर्ज, सगळीकडे ते नाव आपोआप चालत आलं. बारावीनंतर बी.फार्म.ला नंबर लागला तेव्हा फीसुद्धा चुलत्यांच्या खात्यातून गेली. तेव्हा आमचं एकत्र होतं.

प्रवेश गणपतीच्या आधी झाला आणि वाटण्या दसऱ्याच्या सुमाराला झाल्या. मी साताऱ्याला होते. बोअरच्या मोटरीवरून सुरू झालं आणि जमिनीपर्यंत गेलं, एवढं आईनं फोनवर सांगितलं. दिवाळीला घरी गेले तेव्हा अंगणात सिमेंटच्या ब्लॉकची भिंत होती. छातीएवढी झाल्यावर ब्लॉक संपले होते आणि पुढचे कुणी आणले नव्हते, त्यामुळे ती तेवढीच राहिली. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांची डोकी आणि खांदे दिसत. पण कुणी तिकडं बघत नसे.

दिवाळीनंतर मी कॉलेजला जायचं थांबवलं.

त्याआधी काही घडलं नव्हतं. नंतर प्रत्येकानं हेच विचारलं, म्हणून ते इथं लिहून ठेवते. कुणी त्रास दिला नव्हता. अभ्यास अवघड होता, पण इतरांना होता तेवढाच. एका प्रॅक्टिकलला साधं सिरप करायचं होतं. साखर पाण्यात विरघळेपर्यंत ढवळायची आणि गाळून घ्यायची, इतकंच. साखर विरघळली. मी ढवळत राहिले. मॅडमनी येऊन काचेची कांडी माझ्या हातातून घेतली तेव्हा बाकीचा वर्ग जर्नल लिहीत होता. मॅडम रागावल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

हॉस्टेलची खिडकी हायवेच्या सर्व्हिस रोडवर उघडायची. समोर टायर पंक्चरचं दुकान होतं. दुकानदार सकाळी एक टायर रस्त्याच्या कडेला उभा करून ठेवायचा आणि संध्याकाळी आत न्यायचा. दिवस गेला हे मला त्यावरून कळे. खोलीतली दुसरी मुलगी खंडाळ्याची होती. कॉलेजला जाताना ती माझा डबा कॉटवर ठेवून जायची आणि आल्यावर उघडून बघायची. तिनं फार विचारलं नाही. एकदा एवढंच म्हणाली, "सोडायचं असंल तर आत्ता सोड. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. नंतर सोडलंस तर फी पण जाईल आणि कागद पण अडकतील." पुढच्या वर्षांची फी भरून घेतल्याशिवाय मूळ कागद देत नाहीत, असं हॉस्टेलात बोललं जाई. ते कितपत खरं होतं मी तपासलं नाही. तपासायची वेळ आली नाही.

सांगलीच्या एका कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या काही जागा उरल्या होत्या, हेही तिनंच शोधून काढलं. फोन तिनं लावला आणि माझ्या कानाला धरला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, उशिराच्या प्रवेशाची परवानगी आहे, पण मूळ दाखला आणि गुणपत्रकं हातात घेऊनच या.

ती सगळी साताऱ्याच्या कॉलेजच्या कपाटात होती.

ऑफिसातले क्लार्क शांत गृहस्थ होते. त्यांनी अर्जाचा नमुना दिला आणि पालकांना घेऊन या म्हणाले. प्रवेशावर ज्यांची सही आहे त्यांचीच लागेल. मी म्हटलं, वडील येतील. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं. हे वडील नाहीत? मी म्हटलं, चुलते आहेत. मग चुलत्यांना आणा, असं ते म्हणाले. वडिलांना पालक म्हणून लावून घेता येईल का, असं मी विचारलं. येईल, पण त्याला प्रतिज्ञापत्र लागेल आणि त्यावर आधीच्या पालकाची ना हरकत लागेल. म्हणजे सही चुलत्यांचीच. आणि फी ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत जाईल. ते हे सगळं न थांबता, न चिडता सांगत होते. माझ्यामागं आणखी दोघं उभे होते.

महिनाअखेरीच्या आत चुलत्यांची सही मिळाली तर कागद सुटणार होते, फी परत येणार होती आणि मी सांगलीला जाऊ शकणार होते. नाही मिळाली तर मला त्या खिडकीपाशी परत जावं लागणार होतं. फीचं काय होईल याची मला तेव्हा खरं तर काळजी नव्हती. खिडकीची होती.

सातारा स्टेशन गावाबाहेर आहे. पॅसेंजर दुपारची मिळाली. रहिमतपूर, कराड करत ती भिलवडीला आली तेव्हा ऊन उतरलं होतं. स्टेशनवरून वडापची जीप मिळाली. समोरच्या सीटवरच्या बाईंनी सुट्टी लागली का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं.

वडील गोठ्यात होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांनी वैरणीची पेंडी सोडली, म्हशीपुढं पसरली आणि दुसरी सोडली.

"फी गेली का?"

"न्हाई. महिना संपायच्या आत सही दिली तर परत मिळती."

"मग करतो की सही. कुठं करायची दाव."

"तुमची चालत न्हाई. तात्यांची लागती."

त्यांनी हातातली पेंडी तशीच भिंतीला टेकवून ठेवली. "मग ऱ्हाऊ दे," म्हणाले.

आई चुलीपाशी होती. गॅस असला तरी पाणी ती चुलीवरच तापवते. ती बाहेर आली आणि पोरीचं वर्ष जातंय, एवढंच म्हणाली. वडील म्हणाले, जाऊ दे गेलं तर. ते पलीकडं पाय ठेवणार नव्हते. मला जायचं तर मी जावं, ते अडवत नव्हते. त्यांनी हे तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितलं आणि मोटर चालू करायला मळ्यात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पलीकडं गेले. भिंत ओलांडली असती तर चार पावलं होती. पण आता तिकडं जायचं म्हणजे आपल्या फाटकातून बाहेर पडायचं, रस्त्यानं जायचं आणि त्यांच्या नव्या फाटकातून आत शिरायचं, असा रिवाज पडला होता.

थोरली आई, म्हणजे माझी चुलती, अंगणात भुईमुगाच्या शेंगा वाळत घालत होती. मला बघून ती चहा ठेवायला आत गेली. चुलते पायरीवर बसून औषध फवारायच्या पंपाचा नोझल दाभणानं साफ करत होते. घोटून केलेली दाढी, इस्त्रीचा शर्ट. घरी बसायचं असलं तरी ते इस्त्रीचाच शर्ट घालत. गाव त्यांना अजून फौजी म्हणतं.

"तात्या, सही पायजे हुती."

"कशावर?"

"प्रवेश रद्द करायचाय."

त्यांनी नोझलमधून फुंकर मारून बघितली. मग खिशातला मोबाईल काढून माझ्यापुढं धरला. एकाखाली एक तेच मेसेज होते. तारखा फक्त पुढं गेलेल्या.

"ठाव हाय मला," ते म्हणाले. "रोज दुपारी वाजतंय."

"मग कुणाला सांगितलं न्हाई?"

"कुणाला सांगू? तुज्या बापाशी मी बोलत न्हाई. आणि तुला सांगायचं तर तुला ठावच हाय की, तू जात न्हाईस ते."

थोरली आई चहा घेऊन आली होती. "असला ह्यो माणूस," ती म्हणाली. "मला तरी सांगायचं. मी कायतरी केलं असतं."

"तू काय केलं असतंस? सगळ्या गल्लीत वाटलं असतंस."

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. कुणी पोरगं आहे का. नाही. कुणी मास्तर वंगाळ वागला का. नाही. पोरी छळतात का, जेवण बरं नाही का, आजारी आहे का. ते एकेक विचारत होते आणि मी नाही म्हणत होते. त्यांच्या विचारण्यात राग नव्हता. ते फक्त शक्यता कमी करत चालले होते. शेवटी विचारण्यासारखं काही उरलं नाही.

"मग काय?"

"सकाळी उठू वाटत न्हाई."

त्यांनी नोझल पंपाला बसवला, परत काढला. थोरली आई शेंगा उलथत होती, तिचा हात थांबला.

"तुजा बाप काय म्हणतोय?"

"आडवत न्हाई म्हणाले."

"मंजी हो बी न्हाई आणि न्हाई बी न्हाई. लहानपणापासनं असाच हाय त्यो. खेळायला चल म्हटलं की आडवत न्हाई म्हणायचा आणि घरात बसायचा."

आमचा गोठा भिंतीला लागूनच आहे. पलीकडून वैरण कापायच्या यंत्राचा आवाज येत होता, तो थांबला.

चुलत्यांनी आवाज कमी केला नाही. "कागदावर पालक मी हाय. सोडायचं का न्हाई, ते मी बगणार. पोरीच्या बापाचं म्हणणं कळल्याबिगर मी सही करणार न्हाई. उद्या म्हणंल, माज्या पोरीचं शिक्षण ह्यानं मोडलं. वाटणीत एवढा एक ठपका राहिला हुता, त्यो बी माज्या नावावर."

मी चहा संपवला आणि रस्त्यानं परत आले. अर्ज कोराच होता.

पुढचे काही दिवस मी घरात होते. सकाळी उठत नव्हते, पण आई अंथरूण काढायला यायची, म्हणून उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसे. ऊसतोड सुरू झाली होती. आमच्या वाटणीच्या तुकड्याला अजून टोळी मिळाली नव्हती आणि वडील रोज कारखान्याच्या गट ऑफिसात चकरा मारत होते. चुलत्यांचा ऊस तुटून गेला होता. रिकाम्या रानात त्यांनी पाचट पेटवलं, त्याची काळी कुसळं भिंतीवरून आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडली. आईनं ती झटकली. दुपारी पलीकडं मोबाईल वाजायचा. एरवीही वाजत असेल. पण मला वाटायचं, तो माझाच मेसेज आहे.

मुदत संपायला फार दिवस उरले नव्हते. मी कुणाला आठवण केली नाही. आईनंही केली नाही, पण एका संध्याकाळी वडील जेवायला बसले तेव्हा तिनं ताट वाढलं नाही. तशीच समोर उभी राहिली. वडील थोडा वेळ रिकाम्या जागेकडं बघत बसले. मग उठले आणि अंगणात गेले.

चुलते त्यांच्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते. डोकं दिसत होतं. वडील भिंतीपासून काही अंतरावर उभे राहिले, तोंड भिंतीकडं, आणि मोठ्यानं आईला हाक मारली. आई दारातच होती, हाक मारायची काही गरज नव्हती.

"ऐक गं," वडील म्हणाले. "पोरीचं मन तिथं लागंना. तिला सोडायचं हाय तर सोडू दे. माजी ना न्हाई. उद्या कुणाला बोल लावणार न्हाई मी. हे मी तुला सांगून ठेवतोय."

"ऐकलं मी," आई म्हणाली.

"ज्याला ऐकायचं त्यानं बी ऐकावं."

पलीकडचं डोकं हललं नाही. वडील आत आले, जेवायला बसले, आणि आईनं ताट वाढलं.

सकाळी अजून चहा व्हायचा होता तोवर आमच्या फाटकाबाहेर मोटरसायकलचा हॉर्न वाजला. चुलते गाडी चालू ठेवूनच बसले होते. पांढरा शर्ट, बूट, काखेत प्लास्टिकची फाईल. फाटकाच्या आत ते आले नाहीत. मी बाहेर गेले आणि मागं बसले. वडील दात घासत उभे होते. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

गाडी भिलवडी स्टेशनला लावून आम्ही रेल्वेनं साताऱ्याला गेलो. वाटेत चुलते फारसं बोलले नाहीत. रहिमतपूर आलं तेव्हा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, त्यांच्या युनिटमधला एकजण इथला होता. रेल्वेतून घर दिसतं असं सांगायचा. कुठलं ते मात्र कधी कळलं नाही. मग त्यांनी फाईल मांडीवर सरळ केली. गाडी सुटली.

ऑफिसात तेच क्लार्क होते. त्यांनी चुलत्यांना खुर्ची दिली आणि वडील म्हणूनच बोलायला सुरुवात केली. एकदा मुलीला समजावून बघा, चांगला कोर्स आहे, आता सोडला तर जागा वाया जाते. चुलत्यांनी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. ते मान हलवत ऐकत राहिले, जसं वरिष्ठांचं ऐकायचं असतं तसं, आणि त्यांचं बोलून झाल्यावर अर्ज मागितला.

मी सगळे रकाने भरले होते. प्रवेश रद्द करण्याचं कारण, हा एक रकाना कोरा होता. तिथं तीन ओळींची जागा होती. घरी मी त्या जागेकडं बऱ्याच वेळा बघितलं होतं. चुलत्यांनी चष्मा लावला, अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि तिथं बोट ठेवलं.

"हितं काय लिवणार?"

मी पेनचं टोपण काढलं.

"लिही. घरगुती अडचण."

मी लिहिलं. क्लार्क वाकून बघत होते. "जरा सविस्तर लिहा," ते म्हणाले. "मॅनेजमेंटकडून विचारणा होते."

"सविस्तर कशाला?" चुलते म्हणाले. "तेवढं बास असतं. मी बी तेवढंच लिवलं हुतं."

क्लार्कना वाटलं ते फॉर्मबद्दलच काहीतरी बोलतायत. त्यांनी मान हलवली आणि शिक्क्याचं पॅड पुढं ओढलं. चुलत्यांनी सही केली. नाव, आडनाव, सगळं पूर्ण, एकेक अक्षर सुटं, सैन्यात शिकवल्यासारखी.

चुलते पेन्शनला पात्र होण्याआधी घरी आले होते, हे गावाला ठाऊक होतं. गुडघ्यामुळं आले, असं आमच्या घरात सांगितलं जाई. लहानपणापासून मी त्यांच्याशेजारी पंगतीला बसत आले होते. ते मांडी घालून जेवत आणि हात न टेकता उठत. ह्या दोन गोष्टी मी कधी एकमेकींशेजारी ठेवल्या नव्हत्या. पुढे बातमीदारीत गेल्यावर लोकांना कारणं विचारणं हेच माझं काम झालं. चुलत्यांना मी आजवर विचारलेलं नाही. परत जाताना गाडीत विचारता आलं असतं, वेळ पुष्कळ होता.

क्लार्क आतल्या कपाटातून तपकिरी पाकीट घेऊन आले. दाखला, दोन गुणपत्रकं, आणखी एकदोन कागद. मी मोजून घेतल्याची सही केली. चुलत्यांनी पाकीट त्यांच्या फाईलीत घातलं, फाईलीचं बटण लावलं आणि नीट लागलंय का ते दाबून बघितलं. हॉस्टेलवर जाऊन मी कपड्यांची बॅग आणली. खंडाळ्याची मुलगी लेक्चरला होती. माझा प्रॅक्टिकलचा पांढरा ॲप्रन अजून नव्यासारखाच होता. तो घडी घालून तिच्या कॉटवर ठेवला. खाली टायरवाला दुकानात होता. त्यानं वर बघितलं नाही.

पोवई नाक्यावर चुलत्यांनी पाव किलो कंदी पेढे घेतले. घरी पोचल्यावर थोरल्या आईनं विचारलं, हे कशाचे पेढे. ते म्हणाले, कशाचे असायचे, साताऱ्याला गेलो होतो म्हणून.

दुसऱ्या दिवशी वडील मला घेऊन सांगलीला गेले. त्यांनी ऊसतोडीची टोळी बघायचं त्या दिवशी सोडलं. कॉलेजच्या व्हरांड्यात टेबल टाकून एक बाई प्रवेश घेत होत्या. फी थोडी होती, वडिलांनी ती रोख आणली होती. बाईंनी पालकाचं नाव विचारलं. मी वडिलांकडं बघितलं. ते माझ्याशेजारीच उभे होते, टोपी हातात.

"थोरल्याचंच घाल," ते म्हणाले.

मी म्हटलं, "तुमी आलाय की."

"मागच्या सगळ्या कागदांवर तेच हाय. एका जागी बदललं तर पार शाळंपासनं सगळं बदलावं लागंल. कोण करत बसणार त्ये."

बाईंनी गैरहजेरीच्या मेसेजसाठी मोबाईल नंबर विचारला. चुलत्यांचा नंबर वडिलांना पाठ होता. त्यांनी तो थांबत थांबत, एकेक आकडा सांगितला.

फी चुलत्यांच्या खात्यावर परत आली त्याला बरेच आठवडे लागले. एका संध्याकाळी ते भिंतीकडं तोंड करून थोरल्या आईला म्हणाले, "आले गं पैसे कॉलेजचे." दुसऱ्या दिवशी थोरली आई कापडी पिशवी घेऊन रस्त्यानं आमच्याकडं आली. वडील म्हणाले, फी वाटण्यांच्या आधीची, उसाच्या एकत्र बिलातली, त्यातलं निम्मं त्यांचं आहे. आईनं निम्मे परत नेले. ते परत आले. निरोप असा होता की पोरगी तुमची तर फी पण तुमची. वडिलांनी पुन्हा पाठवले. दोघीजणी काही दिवस रस्त्यानं ये-जा करत होत्या, मग कंटाळून पिशवी भिंतीवरूनच द्यायला-घ्यायला लागल्या. शेवटी एका मंगळवारी बाजाराला जाताना दोघींनी मिळून ती रक्कम गावातल्या पतसंस्थेत स्वतःच्या जोडनावानं ठेवली. घरी आल्यावर तसं सांगितलं. वडील आणि चुलते दोघांनीही त्यावर काही विचारलं नाही. पिशवी थोरल्या आईकडं राहिली.

सांगलीला मी रोज एसटीनं जात होते. बरं वाटत होतं असं म्हणता येणार नाही. पण उठत होते. पहिल्या महिन्यात एक दिवस स्टँडवर उतरले आणि कॉलेजच्या रस्त्याला वळायच्या ऐवजी कृष्णेच्या घाटाकडं गेले. पायऱ्यांवर बसले. नदीला पाणी कमी होतं. एक माणूस म्हशी धूत होता. दुपारपर्यंत तिथं बसले आणि नेहमीच्या गाडीनं परत आले.

संध्याकाळी वडील अंगणात पाय धूत होते. आई शेणी उचलत होती. भिंतीपलीकडं चुलते खुर्चीवरून उठले, भिंतीजवळ आले आणि पाठमोऱ्या थोरल्या आईला मोठ्यानं म्हणाले, "आज मेसेज आलाय गं. सांगलीचा."

थोरली आई म्हणाली, "व्हय का."

वडिलांनी तांब्या खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं वळून आईला म्हणाले, "आज तिला बरं न्हवतं. उद्या जाईल म्हण."

"म्हणते," आई म्हणाली, पण ती कुणाला काही म्हणाली नाही. सगळ्यांनी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गेले. त्या संध्याकाळी चुलते खुर्ची टाकून बसले होते, वडील गोठ्यात होते, आणि भिंतीपलीकडून काही सांगायला कुणी उठलं नाही.